उस्मानची आई सिरियस

अरे, घरून खोटी तार मागवून रजा काढायची ही शक्कल काय फक्त आपल्या कोकणातली? तिकडे आखातात, सित्रात मी टाइमकीपर होतो तेव्हा ती मी एका तुर्कालाही शिकवली.

आमचा फोरमन उस्मान उत्तर सायप्रसचा. म्हणजे बेटाचा तुकडा तोडून केलेला नवा देश. एक तुर्कस्तान सोडला तर त्याला जगात कुत्रं विचारत नव्हतं. तिथं संसदेची निवडणूक लागली आणि याची आई उभी राहिली. यानं रजेच्या अर्जात खरं तेच लिहिलं.

इंग्रज मॅनेजर म्हणाला, "असा देशच नाही. मग निवडणूक कसली आणि रजा कसली? मफी!" 'नाही' म्हणायला तेवढा एक अरबी शब्द तो शिकला होता.

उस्मान रडकुंडीला आला. मी म्हटलं, "वेड्या, घरून तार मागव. मदर सिरियस, कम सून. गणपती आले की आमच्या सगळ्यांच्या आया सिरियस होतात."

"पण माझी आई ठणठणीत आहे!"

"आमच्याही ठणठणीतच असतात रे."

तार आली, रजा मंजूर झाली. पंधरा दिवसांनी गडी परत आला. मॅनेजरनं आपुलकीनं विचारलं, "आई कशी आहे?"

खोटं बोलायची सवय नाही बिचाऱ्याला. छाती फुगवून म्हणाला, "निवडून आली, साहेब!"

मॅनेजरनं माझ्याकडे बघितलं. मग जुन्या तारांची फाइल मागवली आणि शांतपणे वाचत बसला.

त्या वर्षी गणपतीत आमच्यापैकी एकाचीही आई आजारी पडली नाही.