माप घ्यायला आलेली बाई

नाही नाही, ते गंगावन असं पुढून नाही बसवायचं — काढ, काढ ते. तुझ्या हाताला नावं नाही ठेवत मी, तुला कुणी दाखवलंच नसणार. आधी माझे आहेत ते केस उलटे विंचर, मुळापासून, म्हणजे फुगवटा आपोआप येतो, आणि मग त्याच्यामागे ते खोटे केस अडकव — हां, आता कसं. पार्लरमध्ये किती वर्षं झाली तुला? सहा. हात हलका आहे तुझा, ते मानलं. डोळ्याची रेघसुद्धा झकास ओढलीस. मी तर लेकीला म्हटलं होतं, अगं मेकअपला बाई कशाला, माझं मी करते, अठरा वर्षं नाही केलं म्हणून हात विसरतो की काय? तर म्हणे आई, कॅमेऱ्यासमोर वेगळं असतं. असेल बाई. सकाळपासून बाहेरच्या खोलीत दिवे मांडत बसलीये, माझं शिवणाचं मशीनही ओढून खिडकीशी नेलंय, तिथे उजेड चांगला पडतो म्हणे. चाळीस वर्षं मी त्या अंधाऱ्या भिंतीशी डोळे फोडले, तेव्हा कुणाला उजेड सुचला नाही.

तू बघतेस ना तिचे व्हिडिओ? सगळेच बघतात. रोज जुन्या काळातल्यासारखं राहायचं, लाजायचं नाही — हेच ना तिचं? बँकेत जाताना घेरदार झगा, भाजी आणायला जाताना उंच अंबाडा, ओठ लालभडक. छान दिसते, दिसते ना, मी कुठे नाही म्हणते. पण दर वेळी सांगते काय, तर हा माझ्या आजीचा झगा. कुठली आजी गं? माझी सासू? तिने जन्मभर मातकट रंगाशिवाय दुसरा रंग अंगाला लावला नाही, माझे ओठ रंगवलेले दिसले की ताटावरून उठायची. ते सगळे कपडे मी शिवलेत. मी शिवलेत आणि मी घातलेत. माझ्या मावशीने मला शिवण शिकवलं, तिच्याकडे ते जुने नमुने होते, मला आवडले, मी तेच शिवत राहिले, जग कुठल्या कुठे गेलं तरी. गल्लीत मला कॅलेंडर म्हणायचे, त्यावरच्या चित्रातल्या बायांसारखी नटते म्हणून — येताना दिसले की, आलं कॅलेंडर. मला राग नाही यायचा, खोटं कशाला बोलू, मजाच वाटायची. बघतात तर बघू देत.

पण आजीचं म्हटलं की ऐकायला गोड वाटतं, हो की नाही? आईचं म्हटलं तर लोक विचारणार, मग आई कुठेय. आणि विचारलंच शेवटी, म्हणून तर आज हा सगळा थाट. कागद लिहून दिलाय मला, काय बोलायचं त्याचा — तो बघ, आरशाखाली. वाच ना. 'लहानपणी आम्ही मायलेकी तासन्‌तास कपाट उघडून बसायचो.' बसायचो म्हणे. तुला सांगते कशा बसायचो ते.

दहावीत होती. शाळेत पालकांना बोलावलं होतं. मी मुद्दाम नवा झगा शिवला, हिरव्यावर पांढरे ठिपके, फुगीर बाह्या — मागच्या महिन्यात तिने घातला होता तोच, सगळ्यांनी वाहवा केली ना, तोच. फाटकापाशी ही तिघीचौघींबरोबर उभी होती. मला बघून एकीने विचारलं, ही कोण गं? आणि माझी मुलगी म्हणाली, "आमच्याकडे शिवायला येतात त्या बाई." — मी काय केलं? काय करणार गं. तोंडात मारल्यासारखी उभी राहिले, पण क्षणभरच. मग म्हटलं, हो, माप घ्यायला आले होते. पिशवीत टेप असायचीच. घेतलं माप. त्या मैत्रिणीचं, शाळेच्या फाटकात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर — खांदा, बाही, कंबर, सगळं, वहीत लिहूनसुद्धा घेतलं. ही बघत होती. मला वाटलं आता बोलेल, कंबर झाली आता बोलेल, उंची झाली आता बोलेल. नाही बोलली. मी आत गेलेच नाही, तशीच मागे फिरले. घरी आल्यावर कापडाची कात्री घेतली आणि केस कापले, कमरेपर्यंत होते माझे, कानाशी आणून ठेवले. तिला सांगितलं, उवा झाल्या होत्या. तिने बरं म्हटलं. कपडे ट्रंकेत गेले, त्या दिवसापासून डोळ्याला रेघ नाही, ओठाला रंग नाही. आणि तीच ट्रंक तिने दोन वर्षांपूर्वी उचलून नेली. विचारलंही नाही — म्हणजे विचारलं, आई ह्या जुन्याचं काय करणारेस? म्हटलं, काही नाही.

आणि नेलं ते नेलं, नीट तरी घालावं ना. झग्याची चेन पाठीला लावून घेतली. अगं, ती डाव्या कुशीत असते, पाठ सपाट राहायला नको? बाहीच्या चुण्या पुढे ओढून घ्यायची, त्या अर्धं बोट मागे हव्यात, रेघेची शेपटी दोन बोटं लांब — ती काय डोळ्याची रेघ झाली? — का गं? कंगवा का थांबवलास?

असं आरशातून बघू नकोस माझ्याकडे.

तुला वाचून दाखवते वाटतं ती, व्हिडिओखालचे शेरे? हो. मीच ती. नाव दुसरं, फोटोच्या जागी कुंडीतलं फूल. दोन वर्षं एक व्हिडिओ सोडला नाही मी. पहिल्यांदा लिहिलं ते जिव्हारी लागावं म्हणूनच लिहिलं, उसनी शोभा अंगाला बसत नाही, चुण्या अर्धं बोट मागे हव्यात, असं. रडली असेल. रडू दे. पण तिने उत्तर काय दिलं माहितीये? 'धन्यवाद मावशी, पुढच्या वेळी सुधारते.' आणि सुधारलं! दर वेळी. मी लिहायचं, तिने सुधारायचं. चुण्या मागे गेल्या, चेन कुशीत आली. पंधरा वर्षांची असताना मी सुई हातात दिली की उठून जायची, आणि कोण कुठली परकी बाई, तिचं मुकाट ऐकते. म्हणजे शिकली माझ्याकडूनच, फक्त मी मी नसले पाहिजे. आता आठ दिवसांपूर्वी विचारते, 'मावशी, तुम्हाला मुलगी आहे का?' काय लिहू? लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. तसंच पडून आहे. आणि तू तिला यातलं एक अक्षर सांगायचं नाहीस, कळलं ना?

मान का हलवतेस? नाही काय? — माहितीये? तिला माहितीये?

केव्हापासून.

पहिल्याच वेळी? अर्ध्या बोटावरून? — हो, इंचात कोण सांगतं आमच्या घरात. बोटाने माप फक्त माझी आई सांगते, असं म्हणाली? तुला म्हणाली. मेकअपवालीला म्हणाली. मला नाही.

म्हणजे ते मलाच विचारलं होतं. मुलगी आहे का म्हणून. आठ दिवस वाट बघतेय, आणि मग हे दिवे घेऊन आली, कागद घेऊन आली. दोन खोल्यांचं घर माझं, मधे एक पडदा, आणि हिला मला विचारायला फोन लागतो.

राहू दे ते केस. नको, पिना नको लावू, हात काढ. तिला हाक मारू नकोस आत्ता, ही रेघ सगळी खाली आलीये, तिने असं नको बघायला. पुसूही नकोस, मी पुसते. तू जा बाहेर. काय सांगायचं ते तुझं तू बघ. जा म्हटलं ना.