सपाटीवरचे साडेचार तास

आदरणीय अध्यक्ष आणि आमचे आगारप्रमुख साहेब, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी, आणि ड्यूटी बदलून आलेल्या माझ्या चालक-वाहक बंधुभगिनींनो,

मी वाहक. तिकिटं फाडणारा माणूस, भाषण करणारा नव्हे. पण सत्कारमूर्तींच्या गाडीवर मी एकोणीस वर्षं घंटी वाजवली, म्हणून हा मान मला मिळाला. आगारात यांना खऱ्या नावानं कोण हाक मारतं? सगळ्यांचे ते 'सावलीकर'. दोन मिनिटं उशीर झाला तरी चालेल, पण गाडी सावलीतच उभी करणार.

आपलं राज्य केवढं मोठं, हे नकाशात कळत नाही; आमच्या गाडीत सोळा तास बसलं की कळतं. पहाटे समुद्राकाठी घामानं शर्ट चिकटलेला. तिथली माणसं सुट्टे पैसे देतादेता घरची सगळी हकीकत सांगणार. मग डोंगर, बागा, थोडा गारवा. आणि घाट उतरला की सपाटी. वर्षातले तीनशे दिवस स्वच्छ ऊन, आणि झाड इतकं दुर्मिळ की ते जिथे असेल तिथेच थांबा. तिकडची माणसं बोलतात मोजकं, पण नाव विचारायच्या आधी पाणी पुढे करतात. का करतात, ते मला अठरा वर्षांपूर्वी समजलं.

दुपारी एकला सपाटीच्या ऐन मध्यावर रेडिएटरचा पाइप फुटला. एकतीस प्रवासी. मागचं गाव चाळीस किलोमीटरवर, पुढचं त्याहून लांब. फोनला रेंज नाही. सावलीकर म्हणाले, "घाबरू नका, डिकीत पाण्याचे तीन कॅन आहेत." मी डिकी उघडली. कॅन एकच होता.

उरलेले दोन मी सकाळी आगारात उतरवून ठेवले होते. त्या जागी बायकोसाठी घेतलेलं शिलाई मशीन होतं.

(सावलीकर मला खाली बसायची खूण करताहेत. माफ करा, आज बसणार नाही.)

त्यांनी मशीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. एवढंच म्हणाले, "डिकी लाव." सीटच्या गाद्या काढून गाडीखाली अंथरल्या, म्हाताऱ्यांना आणि लेकरांना तिथे निजवलं. थर्मासच्या झाकणानं पाणी वाटलं. एक विक्रेता होता, किनाऱ्यावरचा. तो हट्टाला पेटला. "इंजिनात पाणी ओता आणि चला! ते बघा, समोर तळं दिसतंय!"

"ते तळं नाही, ऊन आहे," सावलीकर म्हणाले. "आणि फुटक्या पाइपात ओतलेलं पाणी रस्त्यावर जाईल."

तीन वाजता मी माणसं मोजली. तीस. पुन्हा मोजली. तीसच. विक्रेता नव्हता.

सावलीकरांनी अर्धी बाटली घेतली, डोक्याला टॉवेल गुंडाळला. "अर्ध्या तासात आलो नाही, तर माझ्यामागे कुणीही यायचं नाही. कळलं?" मी मान हलवली. मंडळी, सपाटीवर माणूस पन्नास पावलांवर डुगडुगतो, शंभरावर विरघळून जातो. वीस मिनिटं झाली, तीस झाली. एक आजी गाडीखालून सारखी विचारत होती, "आला का रे?" चाळिसाव्या मिनिटाला दोन पायांवर दोन माणसं दिसली. विक्रेता सावलीकरांच्या पाठीवर होता. त्यांच्या ओठांतून रक्त येत होतं, आणि बाटलीतलं सगळं पाणी विक्रेत्याच्या पोटात होतं.

साडेपाचला एक ट्रक आला. एकतीसच्या एकतीस माणसं घरी पोचली.

पुढे चौकशी झाली. कॅन कमी का? सावलीकरांनी लिहून दिलं, "गाडी माझी, तपासणी माझी, चूक माझी." तीन महिने त्यांना गाडीवरून उतरवलं. ते वर्कशॉपमध्ये टायर मोजत बसले, आणि मी दुसऱ्या चालकाबरोबर त्याच रस्त्यानं जात राहिलो. एकदा धीर करून म्हणालो, "मी साहेबांना खरं सांगतो." तर म्हणाले, "तुझी नोकरी अजून कच्ची आहे. मशीन नीट चालतंय ना?"

वहिनी, त्या तीन महिन्यांत तुम्हाला चार लोकांत मान खाली घालावी लागली असेल. तुमची मी हात जोडून क्षमा मागतो.

साहेब, माझी नोकरी आता पक्की आहे, आणि अजून सहा वर्षं आहे. यांच्या फाइलमधली ती नोंद खोडून माझ्या फाइलमध्ये घ्या. अर्ज लिहून आणलाय. हा तुमच्यासमोर ठेवतो. जी कारवाई व्हायची ती होऊ द्या.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, मनापासून आभारी आहे. समारंभाच्या दिवशी असलं बोलू नये, हे मला कळतं. औचित्य सुटलं असेल तर मोठ्या मनानं पदरात घ्या. पण सावलीकर, तुम्ही मात्र मला एवढ्यात माफ करू नका. आधी साहेबांना सही करू द्या.