काकू दूर का बसायच्या

नमस्कार. परदेशातल्या आपल्या या मराठी मंडळात मी आजवर कधी माइक हातात घेतलेला नाही. आजही घ्यायचा नव्हता. पण सुमतीकाकू जाऊन दहा दिवस झाले, आणि एक गोष्ट मला सांगताही येत नाही, ठेवताही येत नाही.

अभिजीत, मृणाल, तुम्ही मुलगा-सून समोर बसला आहात. तुमच्या आईबद्दल तुमच्याकडे बघून बोलणं मला जड जातं आहे.

काकू दूर बसायच्या, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. हळदीकुंकवाला दाराजवळची खुर्ची. गणपतीत शेवटची रांग. "पुण्याचा तोरा," असं आपल्यातच कुणी म्हणालं होतं. मीही हसले होते.

मी क्लेमेंटीला राहते, एका संशोधन विभागात नोकरी करते. कान वाहणाऱ्या रुग्णांना रोजच्या जगण्यात काय त्रास होतो, हे विचारणारी एक इंग्रजी प्रश्नावली आहे. ती मराठीत आणायचं काम दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे आलं. त्यात नुसतं भाषांतर चालत नाही. रुग्णासमोर बसून प्रश्न कळतो का, ते तपासावं लागतं. मंडळाच्या ग्रुपवर मी निरोप टाकला. एकच फोन आला. काकूंचा.

घरी "लिटिल इंडियात देवळात जाते" असं सांगून त्या जुरोंग ईस्टहून आल्या. माझ्या इमारतीखालच्या बाकावर बसल्या. कानात कापूस. कान कित्येक वर्षं वाहत होता. वास येतो, असं त्यांना वाटायचं.

एक प्रश्न पोहण्याचा होता.

"या वयात मला तलावात ढकलतेस का ग?" काकू म्हणाल्या. "डोक्यावरून न्हाता का, ते विचार."

मी तसं लिहून घेतलं. दोघी हसलो.

मग पुढचा प्रश्न. कानामुळे घरच्यांच्या जवळ जाताना अडचण येते का? काकूंनी 'कधीच नाही' या पर्यायावर खूण केली.

"कधीच नाही, काकू?"

"मी जवळ जातच नाही. मग अडचण कुठली? नात मांडीवर आली की उतरवते. पोरीनं एकदा नाक मुरडलं तर मला सोसणार नाही."

रुग्णाची खूण बदलायची नाही, असा नियम आहे. मला शेजारी एवढंच लिहायचं होतं, प्रश्न समजला की नाही. मी लिहिलं, समजला.

"मृणालला सांगू?"

"अजिबात नाही. तू सही केली आहेस."

केली होती. उत्तरं कुणाला कळणार नाहीत, अशी. डॉक्टरांकडे चला म्हटलं, तर घरी कळेल म्हणून तेही नाही. पुढे एकदा मृणाल मला म्हणाली, "आईंना माझी मुलगी आवडत नाही." मी कप विसळत राहिले. मला माहीत होतं, आणि मी कप विसळत राहिले. काय करायला हवं होतं मी? सही मोडायची? एका बाईची लाज तिच्याच घरात उघडी करायची? मला अजून कळलेलं नाही.

आज मी तो शब्द मोडते आहे. कामावर जाब द्यावा लागला तर देईन. काकू असत्या तर माझ्याशी बोलल्या नसत्या, तेही मान्य आहे.

मृणाल, आज घरी गेलीस की मुलीला सांग, आजी तिला मांडीवरून का उतरवायची. मराठीत नाही कळलं तर इंग्रजीत सांग. पण सांग.

आता माइक खाली ठेवते. आपण उभे राहू या. दोन मिनिटं कुणी काही बोलू नये. काकू, माझा नमस्कार.