आठ नंबरच्या खोलीचा शेवटचा भाग

...नाय, खून करा, माझी हरकत नाय! पण केलात तर कोणी केला ते सांगाल की नाय माणसाला? बसा, बसा, तो स्टूल घ्या, तुमच्या गणपतीचा पितांबर अजून ओला हाय, अर्धा तास तरी सुकायला लागल, तोवर मी ह्या दुसऱ्याचे डोळे आखतो आणि तुम्हाला सांगतो... चौदा आठवडे! चौदा आठवडे दर गुरुवारी साडेआठला अख्खा गाव टीव्हीसमोर बसवला त्यांनी. 'आठ नंबरची खोली', बघितलीत ना? मुलींचं हॉस्टेल, त्यातली ती नंदिता, सतरा वर्षांची पोर, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत सापडली... आणि पंधराव्या गुरुवारी टीव्ही लावतो तर एक बाई गजरा माळून भरलं पडवळ शिकवतेय! खाली पट्टी, 'काही अपरिहार्य कारणांमुळे मालिका बंद करण्यात येत आहे.' अपरिहार्य? पोरीला मारणारा सापडणं अपरिहार्य नव्हतं आणि पडवळ अपरिहार्य होतं?

मला पहिल्यापासून खोडच हाय ती, शेवट आधी लागतो. लग्नात जेवायला बसलो की आधी विचारणार, गोड काय हाय? कीर्तनाला बसलो की बुवांना मध्येच, पुढं तो मरतो काय हो? मिठागरात होतो तेव्हा मीठ धरायच्या आधी बोट घालून चाखायचो, मुकादम शिव्या द्यायचा. आणि माझी शिल्पा, माझी पोर, ती माझ्या उलटी. ती म्हणायची, "दम धरा ओ बाबा, दम धरा." दिवसातनं दहा वेळा. चहा उकळायच्या आधी कप पुढं केला, "दम धरा ओ बाबा." दहावीचा निकाल लागायच्या आदल्या दिवशी मी शाळेत जाऊन शिपायाला विचारून आलो, तर तीच मला, "दम धरा ओ बाबा, मीच लिवलेत ना पेपर?"

दहावी झाली आणि इथं कारखान्यात यायला लागली. त्या कोपऱ्यात, तिथं खिडकीपाशी, उंदीर रंगवायची. तिच्या वाट्याला पाचशे गणपती, पाचशे उंदीर, पण हिचा एकेक उंदीर वेगळा. कोण डोळे वटारतोय, कोण लाजतोय. आमचे मालक बाबाजीशेठ ओरडायचे, "अगो, गिऱ्हाईक गणपती बघायला येतो, उंदीर नाय!" ही आपली हसायची.

आणि तोंडानं दिवसभर खून! तुम्हाला सांगतो, शुक्रवारी सकाळी प्लास्टर कालवायच्या आधी खून. पितांबर रंगवणारी विमलबाई म्हणायची, "ती मैतरीण रश्मीच गो, दुसरं कोण नाय! हसताना दात दावत नाय ती. असली बाय मी माझ्या घरात घेणार नाय." आमचा गोरख, साचे ओततो तो, तो अंगठ्यानं मिशी दाबून म्हणायचा, "सायन्सचा सर. माणूस निर्दोष असंल तर एवढा चष्मा पुसल कशाला?" आणि मी म्हणायचो वॉचमन. का? तिसऱ्या भागात डाव्या पायानं लंगडतो, सातव्या भागात उजव्या! बघितलं होतंत तुम्ही? नाय ना? मी बघितलं! तर शिल्पा म्हणते, "बाबा, तो नट इसरला असंल, कंचा पाय ते." नट इसरतो काय? पगार कसला घेतो मग? बरं, तुझं काय ते सांग, तर म्हणे, "मला म्हायत हाय. शेवटच्या भागाला सांगणार." सतरा वर्षांची पोर, आणि बापाला अशी टांगून ठेवते!

मग गोरखनं पैज काढली. प्रत्येकानं चिठ्ठीवर नाव लिवायचं, बिस्किटाच्या डब्यात ठेवायचं, शेवटचा भाग झाला की उघडायचं. आता डबा म्हटल्यावर मला दम निघतोय? जेवणाच्या सुट्टीत उघडलाच. पण अंगठ्याला पिवळा रंग, तो बसला प्रत्येक चिठ्ठीवर! विमलबाई अशी ओरडली की बाहेर टेम्पोवाला पळत आला, काय चोर शिरला म्हणून. शिल्पाची चिठ्ठी तेवढी उघडायची राह्यली होती. तिनं ती उचलली, रंगवायला घेतलेला एक दीड फुटी गणपती आडवा केला... हे प्लास्टरचे गणपती आतनं पोकळ असतात, म्हायत हाय ना? चिठ्ठी घातली पोटात, वर बुडाला प्लास्टरचा हात फिरवला, झालं बंद. मग गणपती माझ्यासमोर ठेवून म्हणते, "आता फोडा बघू!" कोण फोडणार हो? गणपतीचं पोट फोडायचं? हात झडतील! मी आपला तो उचलून कानाशी हलवायचो. आत चिठ्ठी सरकल्याचा आवाज यायचा. "दम धरा ओ बाबा."

जुलै महिना. मंगळवारी तिच्या अंगात ताप. बुधवारी उतरला, गुरुवारी परत चढला. मी म्हटलं, चल पेणला, डॉक्टरला दाखवू, सांजची सहाची गाडी हाय. तर म्हणते, "आज चौदावा भाग हाय बाबा. उद्या जाऊ. एक रात्र दम धरा." आणि मी... हसू नका हां... मी धरला. सगळ्या आयुष्यात कधी कशासाठी धरला नाय, त्या एका दिवशी धरला. माझ्या मांडीवर डोकं ठेवून तिनं भाग बघितला, मध्येच म्हणाली, "बाबा, तुमचा वॉचमन बघा, आज दोन्ही पायांनी चाललाय." आम्ही दोघंपण हसलो. शुक्रवारी पेण, शनिवारी तिथनं अलिबाग, रविवारी दुपारी नव्हती. हे असं एका दमात सांगून होतं ना, तेच मला सोसत नाय.

मग आले सगळे दारात, आणि तुम्हाला सांगतो, तेच लोक, तेच आवाज! विमलबाई रडत रडत, "नजर लागली गो पोरीला, मी सांगत होते नं!" गोरख मिशी दाबून, "रंगाचा वास असंल, काळुराम. बंद खोलीत थिनर..." आमची हौसा, शिल्पाची आई, भिंतीला डोकं लावून, "मीच नेली तिला भाताच्या लावणीला, चिखलात उभी केली, मीच मारली." डॉक्टरांच्या कागदावर एक इंग्रजी नाव होतं, ते मला वाचता येत नाय. आणि मी कोणाला सांगू, की गुरुवारी सहाची गाडी होती आणि मी दम धरला? सगळ्यांकडं संशयित होता, माझ्याकडंपण होता, रोज दाढी करताना आरशात दिसायचा.

त्यातच आला पंधरावा गुरुवार. पोरीचं दहावं व्हायचं होतं अजून, आणि मी टीव्ही लावला. व्हय, लावला! लोक म्हणाले, काळ्याचं डोकं फिरलं. म्हटलं, शेवट बघून ठेवतो, तिला सांगायला लागल. हौसा येऊन बाजूला बसली. आणि टीव्हीवर ती बाई... "पडवळ घ्यायचं ते कोवळं घ्यायचं हं!" हौसा मला म्हणते, "आता ओ?" आता काय! पुढच्या आठवड्यात गाव नंदिताला विसरला. दुसरी मालिका लागली, सासू-सुनेची.

सीझनला आम्हा लोकांना रडायला सवड नसते. अडीच हजार गणपतींचे डोळे आखले मी तेव्हा. डोळे पुसायचे आणि डोळे काढायचे. चतुर्थीच्या आदल्या सांजेला घरी गेलो तर हौसानं शिल्पाच्या पेटीतनं नखाच्या रंगाची लाल बाटली काढली होती. मला म्हणते, "ही तिनं उंदराला लावलीन ना ओ? त्या चिठ्ठीवाल्या गणपतीच्या. मला सांगत होती." लाल नखांचा उंदीर! सकाळीच बघितला होता मी. रंगून बाकीच्यांत मिसळलेल्या त्या गणपतीचे माझ्याच हातानं डोळे आखले, गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी लावली आणि टेम्पोत चढवला, रोह्याच्या! माझ्या पोरीचं शेवटचं अक्षर मी गवतात बांधून पाठवून दिलं, आणि मला समजलंसुद्धा नाय.

गिऱ्हाइकाचं नाव ध्यानात होतं, धनेश म्हणून, धाटावला कंपनीत शिफ्टला जातो. चतुर्थीला दुपारी पॅसेंजर पकडली, विचारत विचारत रोह्यात त्याचं घर गाठलं, तर आरती चाललेली. मी टाळ्या वाजवल्या, प्रसाद खाल्ला आणि म्हटलं, "मला तुमच्या गणपतीच्या पोटात हात घालायचाय." काय करतील लोक? धनेशनं दंडच धरला माझा. त्याची आई, इंदुबाई, आडवी आली, "थांब रे. मामा, चहा घ्या आधी. काय झालंय?" सगळं सांगितलं. सहाची गाडीपण सांगितली, हौसाला नाय सांगितली ती. म्हातारीनं डोळ्याला पदर लावला, आणि मग हळूच म्हणते, "पण मामा, मारलं कोणी मग नंदिताला? वॉचमननंच ना?" मी म्हटलं, "आजी, तुम्हीच काय त्या ह्या जिल्ह्यात शहाण्या!"

पण हात लावू दिला नाय. म्हणाली, "आता देव बसलाय, हलवायचा नाय. पाच दिवसांनी गौरीबरोबर उत्तरपूजा झाली की देव निघाला घरी, मग ते प्लास्टर तुमचं. पाच दिवस दम धरा." बघा! तिथंपण तेच!

पाचव्या दिवशी परत गेलो. कुंडलिका नदीच्या काठी ही गर्दी, ढोलकी, गुलाल, पोरांचा आरडाओरडा. इंदुबाईनं धनेशला गणपती पाटावर आडवा धरायला लावला. मी अंगठ्यानं बूड दाबलं, तिनं लावलेला थर पातळच होता, पटकन फुटला. हात आत घातला, काथ्या लागला, मग कागद. ढोलकीवाला थांबला. कोणीतरी सगळ्यांना सांगितलं असंल, कारण ओळखीपाळखीची नसलेली पन्नास माणसं माझ्या तोंडाकडं बघत उभी, नाव ऐकायला. चिठ्ठी उघडली. निळ्या शाईत, गोल गोल अक्षर...

"बाबा, मला म्हायत होतं तुम्हीच उघडणार. म्हणून नाव लिवलंच नाय. शेवटच्या भागाला सांगते. दम धरा."

मला हसायला आलं हो. पोरीनं पुरता ओळखला होता बापाला, मेल्यावरपण पकडला! हसता हसता बसलोच मी त्या चिखलात, आणि मग हसणं कधी संपलं आणि दुसरं कधी सुरू झालं ते मला कळलं नाय. गणपती पाण्यात गेला, लाल नखांचा उंदीर शेवटी बुडाला. इंदुबाई खांद्यावर हात ठेवून विचारते, "कोण लिवलंय मामा?" एवढी माणसं थांबलेली. काय सांगू? म्हटलं, "वॉचमन." म्हातारी अशी खूष! "मी म्हटलं नव्हतं?" आणि ढोलकी परत सुरू.

चिठ्ठी ही बघा, खिशातच असते. नाय, हातात नाय देणार, तुमच्या हाताला रंग लागलाय. हौसाला वाचून दाखवली, सहाच्या गाडीचं अजून सांगितलेलं नाय. हां, घ्या, सुकला तुमचा पितांबर, गणपती संभाळून न्या. आणि हो, तुमच्याकडं केबल हाय ना? मग कुठं चुकून लागलाच तो शेवटचा भाग, तर लगोलग मला हाक मारा. तोवर काय... धरलाय दम.