पूर्वाची पेढेतुला

मंडळी, आज मी एक प्रश्न घेऊन उभा आहे. उत्तर माझ्या खिशात आहे असं समजू नका हं, मलाही ते शोधायचंय. माणूस देवाकडे काहीतरी मागतो. रडून मागतो, नाक घासून मागतो. देव देतो, भरभरून देतो! आणि मग तेच दिलेलं माणसाला जड का वाटायला लागतं? बोला की! एरवी पारावर तर सगळ्यांना सगळं कळतं.

बरं, राहू द्या. गोष्ट ऐका.

आटपाट नगर वगैरे काही नाही, साधं बाजाराचं गाव. तिथे भालचंद्र डिगे नावाचा गृहस्थ. पिठाची गिरणी चालवायचा. भुवयांपर्यंत पिठानं पांढरा, आणि स्वभावानं अगदी सरळ. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता. हलला तो सातव्या महिन्यातच! मुलगी झाली. केवढी? ओंजळीत मावेल एवढी. दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवली. हा बाहेर उभा. सकाळी नर्सबाई यायच्या, म्हणायच्या, "आज थोडं वजन वाढलंय." की हा जिन्यात जाऊन रडायचा. आनंदानं हो!

तिथेच तो गावच्या जोगेश्वरीला नवस बोलला. "आई, एवढी पोर जगव. पाच वर्षांची झाली की तुझ्या दारात तिची पेढ्यांनी तुला करीन आणि अख्ख्या गावाला पेढे वाटीन."

मृदंगवाले बुवा, हसू नका. धोरणी माणूस असता तर बत्ताशांवर भागवलं असतं, हे मलाही कळतं. पण अडलेला माणूस दर विचारून नवस बोलत नाही.

देवीनं ऐकलं. पोर जगली. पूर्वा नाव ठेवलं. आणि जेवायला अशी, की गरम भाकरी आणि वर लोण्याचा गोळा दिसला की पाटावर जाऊन आधीच बसायची. बघता बघता पाचवा वाढदिवस महिन्यावर आला.

त्याची बायको ज्योत्स्ना म्हणाली, "अहो, सकाळी देवळात तुला करूच. पण संध्याकाळी हॉलवर काहीतरी नको का? माझ्या बहिणीकडे फुग्यांची कमान होती, केक होता, आलेल्या प्रत्येक पोराला रिटर्न गिफ्ट."

आता हे रिटर्न गिफ्ट मला कुणीतरी समजावून सांगा. पूर्वी येणारा आहेर आणायचा. आता येणाऱ्यालाच आहेर करायचा! कधी उलटलं हे? कुणाला पत्ता लागला का?

ते असो. भालचंद्रानं पेढ्यांचा भाव विचारला आणि मिठाईच्या दुकानातच स्टुलावर बसला. घरी येऊन खर्चाला कात्री लावायला घेतली. कमान काढली, जादूगार काढला. तरी ताळमेळ बसेना. हॉलचं भाडं ठरलेलं, केकचा भाव ठरलेला. मग न ठरलेलं राहिलं काय? पूर्वाचं वजन! त्यानं तिला उचललं आणि गिरणीतल्या काट्यावर उभं केलं. आकडा बघून म्हणाला, "च्! हे तर वाढलंय."

अरे बाबा, याच वाढीसाठी तू जिन्यात रडला होतास ना?

रात्री ज्योत्स्ना पूर्वाचं ताट वाढत होती, तेव्हा तिला म्हणाला, "पोरीचं वजन वाढलं की पेढे वाढतात, पेढे वाढले की हॉल जातो. महिनाभर जरा बेतानं वाढ तिला."

"पोटच्या पोरीच्या ताटाला दृष्ट लावता?" ज्योत्स्ना म्हणाली.

"थट्टा केली गं," म्हणाला, आणि हसला. पण मंडळी, पुढच्या रविवारी पुन्हा काट्यावर उभी केली. पुन्हा "च्!" आणि पाच वर्षांची पोर बापाच्या तोंडाकडे बघत उभी.

त्यानंतर एक नवल घडलं. पूर्वा भाकरी अर्धी टाकायला लागली. "पोट भरलं," म्हणायची आणि उठायची. पुढच्या खेपेला काटा खाली आला. आणि खोटं कशाला सांगू, बापाला हायसं वाटलं! त्यानं हॉलला आगाऊ रक्कम दिली, केक सांगितला.

पण मग पोरीच्या हातातल्या बांगड्या सैल झाल्या. ज्योत्स्नानं मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले काही दोष नाही. आता मात्र भालचंद्र घाबरला. गिरणी बंद ठेवून हा पोरीसमोर बसायचा. जिलबी आणली. पोरीनं जिलबीकडे बघितलं, आवंढा गिळला आणि मान हलवली. म्हणजे भूक होती! भूक असून पोर खात नाही? का? तो विचारायचा, "काय होतंय बाळा?" ती म्हणायची, "काही नाही." तुम्हीच सांगा, काय चाललं असेल त्या एवढ्याशा डोक्यात?

उजाडला वाढदिवस. देवळात तराजू टांगला. एका पारड्यात पाट ठेवून पूर्वाला बसवली, दुसऱ्यात पेढे चढायला लागले. गाव जमलेलं. पारडं लवकरच हललं. तशी पूर्वानं हात करून बापाला जवळ बोलावलं आणि कानात विचारलं, "बाबा, मी हलकी झाले ना? आता हॉल येईल ना?"

भालचंद्राला आधी कळेचना. मग कळलं. त्यानं समोरच्या पारड्यातला पेढा उचलला आणि पोरीच्या तोंडाशी धरला.

पुजारी म्हणाले, "डिगे, अहो, देवीला अजून दाखवला नाही. उष्टा होईल."

"होऊ द्या," तो म्हणाला. "गिरणीत मी कुणाला मापात मारलं नाही. आज देवीला मारायला निघालो होतो, तेही हिला उपाशी ठेवून. हे वजन खोटं आहे, गुरुजी. आज तुला करायची नाही."

पोर बिचकत बिचकत विचारते, "खाऊ?" बापानं तो पेढा तिच्या हातात ठेवला. तिनं एक खाल्ला, दुसरा खाल्ला, तिसऱ्याला स्वतःच हात घातला. सगळं गाव उभं राहून एका पोरीचं खाणं बघत होतं.

संध्याकाळचा हॉल त्यानं रद्द केला, आगाऊ दिलेली रक्कम बुडाली. पुढे पोरीचे गाल पुन्हा वर आल्यावर, असाच एक साधा वार बघून तुला झाली. पेढे कमी पडले, तर भालचंद्र स्वतः दुकानाकडे धावला. त्या दिवशी त्याला काहीच जड वाटलं नाही.

मग उत्तर काय, मंडळी? मला वाटतं, देवानं दिलेलं जड नसतंच. आपण शेजारचं बघून आणखी काहीतरी मागायला लागतो, आणि मग हातातलं जड होतं. पटत नसेल तर सोडून द्या. पण तुमची पोरं तुमचं ऐकत नाहीत, ही तक्रार मात्र पुन्हा करू नका. तुम्ही फी भरताना काय पुटपुटता, नव्या बुटांचा भाव ऐकून तुमचं तोंड कसं होतं, सगळं ऐकतात, सगळं बघतात! आणि मग गुपचूप आपली भूक आवरतात. तुमच्या घरात असं कुणी आहे का? आज जाऊन बघा.

चला, टाळ घ्या. पण नाव घेण्याआधी, जी पोरं तुमच्या मांडीवर झोपलीत त्यांच्या डोक्यावरून एकदा हात फिरवा. फिरवला? आता म्हणा, जय जोगेश्वरी!