शून्यावरची गोटी

नाही काका, तुमचं बोट चुकत नव्हतं — तेच सांगायला आलोय, म्हणून तर आल्या आल्या फोन मागितला. चष्मा राहू द्या, वाचायचं काही नाही, नुसतं बघा. परवा लक्ष्मी तालावर, तळ्याकाठच्या महालक्ष्मीच्या देवळात, आई भेटली ना तुम्हाला — घरी आली ती जेवलीच नाही. म्हणाली, रमाकांतराव येईल त्याला सांगतायत, माझ्या हाताला अक्कल नाही, मला मोबाईल धड चालवता आला नाही म्हणून अंबिकेला एकोणीस दिवस तळमळत पडावं लागलं. असंच म्हणालात ना? नाही कसं, असंच म्हणालात, आई शब्द बदलत नाही. तर ते तसं नाही. एकदम गलत आहे ते. तुमचा काही दोष नाही.

मग कोणाचा? — सांगतो ना. हे बघा, हे ते ॲप. रोज सकाळी नऊला वाजायचं — आज किती दुखतंय? खाली ही रेघ, रेघेवर ही गोटी, वर हा चेहरा. गोटी इकडे असली की चेहरा हसतो, म्हणजे शून्य, काही दुखत नाही. सरकवत सरकवत तिकडच्या टोकाला नेली की चेहरा रडतो, म्हणजे दहा. मग 'पाठवा' दाबायचं. ते तिकडे, अंबिकाकाकूंचं औषध बघणाऱ्या त्या संस्थेत जायचं, आणि आकडा पाचच्या वर गेला की सिस्टर घरी यायची, औषध वाढवायची. सोपं आहे, नाही? सोपंच करायचं होतं. माझ्या आधीच्या माणसानं साधी रेघ लावली होती, काका — ती फोनमध्ये तयारच असते, बनवायला लागत नाही. तिच्यावर कुठंही बोट टेकवा, गोटी आपण होऊन तिथं येते. बोट थरथरलं तरी चालतं. खाली शून्य ते दहा आकडे. दिसायला भद्दी, पण — पण चालायची.

ती काढून ही मी लावली. हो, मी. इथं प्रेम नगरात घरी बसून पुण्याच्या कंपनीचं जे काम करतो म्हणतो ना मी, ते हे. सगळं ॲप नाही, फक्त ही रेघ आणि ही गोटी. तीन आठवडे लागले. आकडे काढून टाकले — आजारी माणसाला आकडे दाखवू नयेत, घाबरतात, असं कोणीतरी मीटिंगमध्ये म्हणालं आणि मी मान डोलावली. रेघ बारीक केली, केसासारखी. आणि मग एक अडचण आली, पान वर-खाली करताना लोकांचं बोट रेघेला लागायचं आणि आकडा भलताच जायचा. तर मी काय केलं — रेघेवर बोट टेकवलं तर काहीच होऊ नये असं करून टाकलं. फक्त गोटीच पकडायची, नीट पकडायची, आणि सरळ आडवी न्यायची. जरा वर-खाली झालं की ती हातातून सुटणार आणि परत शून्यावर. माझ्या बोटाला मस्त चालायचं. तिकडे पुण्याच्या ऑफिसात सगळ्यांच्या बोटांना चालायचं. सगळे तिशीतले, काका. कोणाची बोटं सुजलेली नव्हती.

काकू टेकवत होत्या ना? ह्या टोकाला, रडक्या चेहऱ्याच्या बाजूला? तेच. बरोबर करत होत्या त्या. कोणीही समजदार माणूस तसंच करेल. आणि चेहरा तसाच हसत राहायचा, आणि तुम्ही पाठवा दाबलं की हिरवी खूण, धन्यवाद. तुम्हाला वाटलं पोचलं. पोचलं ना — शून्य पोचलं. एकोणीस वेळा. 'उत्तर दिलं नाही' आणि 'दुखत नाही', ह्या दोन गोष्टींत मी फरकच ठेवला नव्हता. एक ओळ लिहायची होती फक्त.

फोन करायला हवा होता तुम्ही? कशाला? नाही, ते मनातून काढा, काका. तुमच्या हिशेबानं त्यांना रोज कळत होतं. रोज सकाळी तुम्ही सांगत होतात — आणि तरी कोणी येत नव्हतं, म्हणजे आता देण्यासारखं औषधच उरलेलं नसेल, असंच वाटणार ना माणसाला? काकूंना तुम्ही तेच सांगितलंत ना — त्यांना माहीत आहे गं, पण ते तरी काय करणार? आईनं सांगितलं मला हेसुद्धा. ते ऐकल्यापासून मी — जाऊ द्या. माझं काय.

ऋचा सिस्टर त्या बुधवारी गल्लीत दुसऱ्याच पेशंटकडे आली आणि सहज डोकावली, म्हणून कळलं. तिनं वर इतकी भांडून तक्रार केली की ती थेट आमच्यापर्यंत आली. मला सांगितलं, रेकॉर्ड काढ. काढलं तर अंबिका र., झाँसी, शून्य, शून्य, शून्य, खालपर्यंत. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की —

नाही. तेव्हा नाही.

तुम्ही असे बघताय, म्हणजे तुम्हाला आठवतंय. मला वाटलं विसरला असाल, एवढ्या धावपळीत. आईनं गूळपापडी दिली होती ती द्यायला आलो होतो मी, सहावा दिवस होता — मी नंतर तारीख जुळवून बघितली, सहावाच. तुम्ही दारातच म्हणालात, सुजय, बरा आलास, ही गोटी जागची हलत नाही रे, बघ जरा. मी काकूंच्या पलंगाशी बसलो. बघितल्या बघितल्या ओळखलं, माझीच गोटी, आणि खरं सांगतो, पहिल्यांदा छातीच फुगली. आपल्या गावात, आपल्या ओळखीच्या घरात आपलं काम! सांगणार होतो मी, हे मी केलंय म्हणून. तेवढ्यात काकूंनी बोट टेकवलं. एकदा, दोनदा, चारदा. काही झालं नाही. तेव्हा कळलं मला, काका. त्या क्षणी कळलं काय चुकलंय ते. आणि मग नाही सांगितलं.

पुढचं सांगू? फोन घेतला हातात, म्हटलं, काकू, टेकवायचं नाही, सरकवायचं, असं — आणि नेली ती सरळ शेवटपर्यंत. चेहरा रडायला लागला. काकू म्हणाल्या, हं, हेच. एवढंच दुखतंय बाळा. आणि मी — सवय असते आम्हाला, तपासून झालं की सगळं पहिल्यासारखं करून ठेवायचं — मी ती परत शून्यावर आणली. म्हटलं, बघा, चालतंय. आणि फोन तुमच्या हातात दिला. तुम्ही पाठवा दाबलंत.

घरी जाऊन दुरुस्त करायला चाळीस मिनिटं लागली असती. आता केली तेव्हा तेवढीच लागली, घड्याळ लावून बघितलं. पण मध्येच दुरुस्ती पाठवली असती तर ऑफिसात विचारलं असतं, सुजय, हे आधी का नाही तपासलंस? नवं ॲप विसाव्या दिवशी निघणारच होतं, त्यात गुपचूप घालून टाकू असं ठरवलं. तेरा दिवस, काका. रोज सकाळी नऊला आठवायचं. रोज. आणि ही वीस मिनिटांची वाट, इथं येऊन नुसतं एवढं म्हणायचं होतं की सिस्टरला फोन लावा.

ओरडा ना. काहीतरी बोला. औषध वाढल्यावर, जायच्या आधीचे पंधरा दिवस त्या शांत होत्या, झोप लागायची, आई म्हणाली — पण ते सांगून मी स्वतःचीच समजूत घालतोय, कळतंय मला. दुसरं कोणाला नाही सांगितलेलं हे. ऑफिसात 'तांत्रिक चूक' एवढंच गेलंय. तुम्ही म्हणालात तर लिहून देतो, सही करून देतो, संस्थेला द्या, आईला दाखवा, हवं ते —

काय? किती जणांच्या फोनात? नाही, आता नवीन रेघ आहे, कुठंही बोट टेकवलं तरी — म्हणजे ज्यांनी अपडेट केलंय त्यांच्या. बाकीच्यांच्यात जुनीच. आपल्या जिल्ह्यात अकरा. सगळे टहरौलीकडचे, तिथं नेट धड नसतं. मेसेज पाठवलाय सगळ्यांना. वाचला का? ते... ते नाही सांगता येत.

संस्थेकडे पत्ते आहेत, हो. ऋचा सिस्टरकडेही असतील.

आत्ता? टहरौलीची दुपारची बस असेल, काका, पण मी म्हटलं तुमच्याजवळ थोडा वेळ —

हो. हो, जातो. उठू नका तुम्ही, दार मी ओढून घेतो.