बारा वाजता बचित्तर सिंग आमच्या गाडीत होते

जबाब, दि. २२ फेब्रुवारी १९९४, सांगली

मी, सौ. सुनेत्रा दिगंबर पाटणकर, वय ३९ वर्षे, धंदा शिक्षिका, राहणार गावभाग, सांगली, पूर्वी राहणार सरकारी क्वार्टर, सेक्टर ३०, चंदीगड. चंदीगडहून आलेल्या पत्रावरून मला ठाण्यात बोलावून विचारण्यात आले, म्हणून समक्ष सांगते की,

माझे पती केंद्र सरकारच्या नोकरीत आहेत. त्यांची १९८९ साली चंदीगडला बदली झाली व जून १९९२ पर्यंत आम्ही तिथे होतो. घरात आम्ही दोघे व मुलगी लीना, तेव्हा वय ८, असे राहत होतो. मी पंचकुला येथे एका शाळेत गणित शिकवत असे. जाण्यायेण्यासाठी आम्ही एक जुनी पांढरी चारचाकी गाडी घेतली होती. ती मीच चालवत असे. लीनाही माझ्याच शाळेत येई.

सन १९९१ च्या दिवाळीच्या साधारण पंधरा दिवस आधी गाडीचे क्लचचे पेडल वाजू लागले. पाय दाबला की कुरकुर आणि सोडला की बारीक किंकाळी, असा आवाज येई. गाडीला त्याने काही होत नव्हते. परंतु तेव्हा पंजाबात अतिरेक्यांचा काळ असल्याने पंचकुलाच्या हद्दीवर सशस्त्र नाका होता. तिथे रोज दोन वेळा थांबून, कागद दाखवून पुढे जावे लागे. ३० ऑक्टोबर रोजी दुपारी नाक्यावर थांबण्यासाठी मी क्लच दाबला. आवाज झाल्याबरोबर शेजारच्या जवानाने रायफल खिडकीवर धरली. "क्या है अंदर?" असे त्याने विचारले. मी क्लच आहे म्हणून सांगितले. त्यांनी आम्हाला उतरवून सीट, डिकी व लीनाचे दप्तर तपासले. अर्धा तास लागला. नंतर तो जवान सॉरी म्हणाला. तो फार लहान होता. त्या दिवसापासून लीना मागच्या सीटवर बसेना, माझ्याशेजारीच बसे.

माझ्या पतींनी पेडलच्या मुळाशी शिवणयंत्राचे तेल सोडले. दोन दिवस आवाज बंद राहिला, तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू झाला. पती म्हणाले, "जुनी गाडी आहे, बोलणारच." नंतर ते ४ नोव्हेंबरला कामासाठी दिल्लीला गेले.

आमच्या सेक्टरच्या मार्केटमागे बचित्तर सिंग यांची पत्र्याची शेड होती. वय अंदाजे ३५. ते एकटेच काम करीत. दोन वर्षे आमची गाडी तेच बघत. त्या आठवड्यात एका बंदमुळे शेड उघडता येत नव्हती. मी त्यांच्या घरी निरोप ठेवला. शनिवार, ९ नोव्हेंबर रोजी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी ते सायकलवरून आमच्या क्वार्टरवर आले. वेळ मला नक्की आठवते, कारण साडेदहाला येतो म्हणाले होते आणि मी पोळ्या अर्धवट टाकून बाहेर आले.

गाडी फाटकाच्या आत उभी होती. त्यांनी मला चालकाच्या जागेवर बसवले व इंजिन बंद ठेवून पेडल दाबायला सांगितले. आवाज आला. ते म्हणाले, "लो जी, इंजन बंद है, फिर भी बोल रहा है. क्लच की प्लेट तो राजी-खुशी है." प्लेटचे काम निघाले असते तर मोठा खर्च होता, म्हणून मला बरे वाटले. मग त्यांनी मला उतरवले, स्वतः दारातून पाठीवर आडवे होऊन डोके पेडलखाली घातले व हाताने पेडल सावकाश दाबले. आधी त्यांनी पेडल मागे ओढणारी स्प्रिंग काढून बघितली. स्प्रिंग काढली तरी आवाज येतच होता. मग पेडल ज्या पिनेवर फिरते तिथे बोट लावून त्यांनी मला हाक मारली. "मॅडमजी, इत्थे हाथ लगाओ." मी वाकून बोट लावले. पेडल हलले की ती पिन बोटाखाली थरथरत होती. ते म्हणाले, आतला बुश, म्हणजे पिनेभोवतीची बारीक नळी, सुकून एका बाजूने झिजला आहे, तेल सोडून उपयोग नाही, पिन काढावी लागेल.

पिनेची क्लिप गंजून बसली होती. ती काढायलाच तासभर गेला. बारा वाजता लाइट गेली. त्या आठवड्यात आमच्याकडे रोज बारा ते एक लाइट जात असे. गाडीत पुढे अंधार पडतो, म्हणून त्यांनी पोर्चच्या दिव्याला वायर लावून बल्ब आत घेतला होता. तो विझला. मी घरातून टॉर्च आणली व त्यांच्या डोक्यावर धरून उभी राहिले. लाइट परत येईपर्यंत, म्हणजे एक वाजेपर्यंत, मी टॉर्च धरून होते. मधे एकदा हात बदलला, तेवढेच. त्या पूर्ण तासात बचित्तर सिंग गाडीच्या बाहेर आले नाहीत. हे मी खात्रीने सांगते.

त्या वेळात आमचे थोडे बोलणे झाले. त्यांची थोरली मुलगी पाचवीत होती व तिला अपूर्णांक जमत नव्हते. मी म्हटले, रविवारी पाठवून द्या. ते म्हणाले, "रोटी के टुकड़े करके समझाया जी, वो टुकड़े खा गई." मी हसले.

जुना बुश त्यांनी मला दाखवला. एका बाजूने कागदासारखा पातळ झाला होता. नवीन बुश कानसून बसवला, ग्रीस भरले, क्लिप नवी घातली. एक वाजून पस्तीस मिनिटांनी त्यांनी मला पुन्हा आत बसवले. मी आठ-दहा वेळा पेडल दाबले. काहीही आवाज आला नाही. मी चहा टाकण्यासाठी आत गेले. ते नळावर हात धूत होते.

अंदाजे पावणेदोन वाजता फाटकासमोर एक जीप थांबली. जीपला नंबरप्लेट नव्हती. चार माणसे उतरली. साध्या कपड्यांत होती, दोघांकडे बंदुका होत्या. ते कोण होते हे मला माहीत नाही व मी ओळखू शकणार नाही. मी दारात आले. एकाने बचित्तर सिंग यांना नाव विचारले. त्यांनी नाव सांगितले. दुसऱ्याने त्यांचे हात त्यांच्याच पगडीने बांधले. हात अजून ओले होते. त्यांनी माझ्याकडे बघून म्हटले, "मॅडमजी, इनको बताओ, मैं सुबह से यहीं हूँ."

त्यातला एक माझ्याजवळ आला व म्हणाला, "बहनजी, आप अंदर जाइए." आवाज चढवून नाही, नीट म्हणाला.

मी आत गेले व दार लावले. मी त्या माणसांना काही सांगितले नाही. लीना आत चित्रे रंगवत होती. जीप गेल्याचा आवाज आला. गॅसवरचा चहा उतू गेला होता.

सायंकाळी पाच वाजता बचित्तर सिंग यांची पत्नी मोहिंदर कौर आमच्याकडे आली. कोणीतरी तिला सायकल आमच्या फाटकात पडल्याचे सांगितले होते. मी झालेली हकिकत सांगितली. तिने विचारले, "आपने कहा ना उनको, कि सुबह से यहीं थे?" मी म्हणाले, "हाँ, कहा." तिने माझे दोन्ही हात धरले व म्हणाली, मग सोडतील, शिकलेल्या बाईने सांगितले आहे.

तसे मी कोणालाही म्हटले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर चौकीत गेले. तिथे या नावाचा कोणी आणलेला नाही असे सांगण्यात आले. मी वेळेसह सर्व लिहून नेले होते, ते घेतले नाही. त्यानंतर मी आणखी दोन वेळा गेले. तिसऱ्या वेळी मला पतीच्या नोकरीचे खाते व मुलीची शाळा विचारण्यात आली. पती दिल्लीहून परत आल्यावर मी त्यांना सर्व सांगितले.  ते म्हणाले, "आपण इथे बदलीवर आलेली माणसं आहोत, सुनेत्रा. आपल्याला लीनाला घेऊन परत जायचंय." मी पुन्हा चौकीत गेले नाही. त्यांनी मला अडवले असे नाही.

मोहिंदर कौर आमची बदली होईपर्यंत दर महिन्याला येत असे. मुलगी बरोबर असे. मी मुलीला अपूर्णांक शिकवले. ती परीक्षेत पास झाली.

आज मला चंदीगडच्या पत्रासोबतचे कागद वाचून दाखवण्यात आले. एका कागदात असे आहे की, बचित्तर सिंग हे ९ नोव्हेंबर १९९१ रोजी दुपारी बाराच्या सुमारास एका कालव्याच्या पुलावर झालेल्या चकमकीत मारले गेले. हे खोटे आहे. बारा वाजता ते आमच्या गाडीत पाठीवर पडलेले होते व टॉर्च माझ्या हातात होती. पावणेदोन वाजता मी त्यांना जिवंत पाहिले.

दुसरा कागद मोहिंदर कौर यांनी कोर्टात दिलेला अर्ज आहे. त्यात चौथ्या परिच्छेदात लिहिले आहे की, 'पाटणकर मॅडमनी त्या माणसांना तोंडावर सांगितले की हा मनुष्य सकाळपासून माझ्या घरी आहे, तरीही त्यांनी नेले.' याबाबत विचारल्यावरून सांगते की, तो मजकूर बरोबर नाही. मोहिंदर कौर खोटे बोललेल्या नाहीत. मी त्यांना तसे सांगितले होते.

फौजदार साहेबांनी मला समजावले की, पत्रात फक्त वेळेबद्दल विचारले आहे, दारात मी काय बोलले हे सांगणे भाग नाही, आणि ते लिहिल्यास अर्जातली एक गोष्ट खोटी पडून समोरच्या वकिलाला फायदा होईल. त्यांनी पेन खाली ठेवून मला विचार करायला वेळ दिला. मी वऱ्हांड्यात जाऊन आले. मी सांगितले की दोन्ही लिहा. वेळ लिहा, आणि मी काही बोलले नाही हेही लिहा. उद्या कोर्टात मला शपथेवर विचारतील आणि तिथे मी मोहिंदर कौर यांच्यासमोर उभी असेन. एक गोष्ट माझी खोटी निघाली तर वेळही खोटी ठरेल.

मी त्या वेळी बोलले असते तर काय झाले असते, असे मला विचारण्यात आले नाही.

मोहिंदर कौर यांना मी हे अजून कळवलेले नाही. पत्र दोनदा लिहायला घेतले होते. आता त्यांना या कागदावरूनच कळेल.

वरील मजकूर मला मराठीत सावकाश वाचून दाखवला, मी सांगितला तसाच तो उतरवला आहे, त्यातले काही कमी करायचे नाही. म्हणून खाली सही करते.

(सही) सौ. सुनेत्रा दि. पाटणकर